विहिरीवरची मोटर करंट का मारते? (अर्थिंग समजून घेऊ)

"सर, आमच्या वावरातल्या जुन्या मोटरला हात लावला की झिणझिण्या येतात, पण मोटर तर चांगली चालते!" असं वर्गात दरवर्षी कुणीतरी सांगतंच. मोटर चालते म्हणजे ती सुरक्षित आहे, असं नाही.

करंट बॉडीत येतो कसा?
मोटरच्या आत तांब्याच्या तारेची वाइंडिंग असते. तारेवर वार्निशसारखा विद्युतरोधक लेप असतो. वर्षानुवर्षं उष्णता आणि ओल लागून तो लेप तडकतो. मग उघडी तार लोखंडी बॉडीला टेकते आणि बॉडीत वीज उतरते. आपण ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून तिला हात लावला, की ती वीज आपल्या शरीरातून जमिनीत जाते.

अर्थिंग काय करतं?
बॉडीपासून जमिनीत पुरलेल्या पाइपपर्यंत जाड तार जोडली, की विजेला कमी रोधाची वाट मिळते.

फ्यूज आहे ना, मग भीती कशाची?
ओहमचा नियम लावा. फेजचं विभवांतर २३० व्होल्ट आणि अर्थिंगचा रोध ५० ओहम धरू.
२३० ÷ ५० = ४.६ अँपिअर.
५ एचपीची थ्री फेज मोटर चालतानाच साधारण ७ अँपिअर घेते. म्हणजे ४.६ अँपिअरने तिचा फ्यूज उडणार नाही आणि बॉडी जिवंतच राहील! म्हणून सोबत ईएलसीबी हवी. ३० मिलीअँपिअरची ईएलसीबी एवढ्या गळतीला क्षणात वीज तोडते.

आपल्या मातीची गोष्ट
काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, पाइपपासून सुटते आणि रोध वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात आणि अधूनमधून पाणी टाकतात. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात उलटा प्रकार आहे. क्षारांमुळे ओली माती वीज चांगली वाहून नेते, पण तेच क्षार लोखंडी पाइप खातात. जस्ताचा मुलामा गेला की गंज चढतो. वरून तार जोडलेली दिसते, पण खाली पाइपच उरलेला नसतो!

ही चूक करू नका
काही जण अर्थिंगच्या तारेचाच न्यूट्रल म्हणून वापर करून दिवा लावतात. ती तार जमिनीकडच्या बाजूने सुटली, की दिव्यातून आलेली वीज त्याच तारेने मोटरच्या बॉडीवर येते.

घरचा अभ्यास
वडिलांसोबत वावरात जा. कशालाही हात न लावता बघा: अर्थिंगची तार अखंड आहे का? नटबोल्ट गंजला आहे का? ईएलसीबी बसवली आहे का? कमी दिसलं तर मेन स्विच बंद ठेवायला सांगा आणि वायरमनला बोलवा. झिणझिण्या म्हणजे मोटरने दिलेली सूचना समजा. पावसाळ्यात तोच झटका जीव घेऊ शकतो.