दूरचित्रवाणीवरील पर्जन्य-अंदाजाची पारख

नांदेड व लातूर जिल्ह्यांत अंदाजावर विसंबून पेरणी केली आणि पावसाने ओढ दिली, तर सोयाबीनचे बियाणे वाया जाऊन दुबार पेरणीचा प्रसंग ओढवतो. म्हणून दूरचित्रवाणीवरील अंदाज कितपत भरवशाचा आहे, हे गावातच पडताळून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ समजून घ्यावा. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या परिभाषेत 'तुरळक ठिकाणी' पाऊस म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. त्या दिवशी उदगिरास सरी आल्या व औसा कोरडे राहिले, तरी अंदाज चुकला असे होत नाही. यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेजारच्या गावांच्या नोंदीही एकत्र पाहाव्यात.

पर्जन्यमापक मोकळ्या जागी बसवून रोज सकाळी ८.३० वाजता पाऊस मोजावा. २४ तासांत २.५ मि.मी. वा अधिक पाऊस झाल्यास तो पावसाचा दिवस धरावा. वहीत त्या दिवसाचा अंदाज व मोजलेला पाऊस शेजारी-शेजारी लिहावा.

केवळ बरोबर आलेले दिवस मोजणे फसवे असते. समजा, ३० दिवसांत ६ दिवस पाऊस झाला. रोज 'कोरडे' असे सांगणाराही २४ दिवस खरा ठरेल. परंतु शेतकऱ्यास त्याचा उपयोग शून्य. म्हणून दोन गोष्टी पाहाव्यात :

१. झालेल्या पावसाच्या दिवसांपैकी किती आधी सांगितले होते?
२. सांगितलेल्या पावसाच्या दिवसांपैकी किती खरे ठरले?

अंदाज कसाही असो, ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच सोयाबीनची पेरणी करावी.