थंडीच्या दिवसांत लाल भोपळ्याचे सूप

थंडी पडली की घरातील म्हाताऱ्या माणसांचे पाणी आणि रात्रीचे जेवण, दोन्ही कमी होते. तहान लागत नाही म्हणून पाणी नको, दात नाहीत म्हणून भाकरी नको. मग पोट साफ होत नाही, अशक्तपणा येतो. अशा वेळी सूपची तयार पाकिटे आणण्याऐवजी बाजारातून लाल भोपळ्याची एक फोड आणावी, असे आम्ही सुचवतो. कोणी त्याला डांगर म्हणतात, कोणी काशीफळ.

भोपळ्याचा केशरी रंग बीटा कॅरोटीनमुळे असतो. त्यापासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. डोळे, त्वचा आणि रोगप्रतिकारशक्ती यांसाठी ते लागते. हे सत्त्व अंगी लागण्यासाठी थोडी स्निग्धता हवी, म्हणून सुपात चमचाभर तेल घालायचेच. पण भोपळ्यात सुमारे ९० टक्के पाणी असते आणि १०० ग्रॅममध्ये प्रथिने जेमतेम १ ग्रॅम. नुसत्या भोपळ्याच्या सुपाने पोट भरल्यासारखे वाटते, ताकद मात्र येत नाही. म्हणून आम्ही त्यात मूगडाळ घालायला सांगतो.

साहित्य (चार जणांसाठी) : अर्धा किलो लाल भोपळा, पाव वाटी मूगडाळ, एक कांदा, लसणाच्या ४-५ पाकळ्या, आल्याचा छोटा तुकडा, चिमूटभर हळद, मिरपूड, १ चमचा तेल, अर्धा लहान चमचा मीठ, अर्धे लिंबू.

कृती : भोपळ्याची साल आणि बिया काढून फोडी कराव्यात. कच्ची फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर भोपळा टाकून द्यावा. कडू भोपळ्यातले विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही; त्याने उलट्या-जुलाब होतात.

कुकरमध्ये तेल तापवून लसूण, आले, कांदा परतावा. हळद, धुतलेली डाळ, फोडी आणि ४ कप पाणी घालून तीन शिट्ट्या कराव्यात. वाफ गेल्यावर रवीने घोटावे. मिक्सर नसला तरी अडत नाही. मिक्सर वापरायचा असेल तर आधी गार होऊ द्यावे. गरम मिश्रणाच्या वाफेने झाकण उडून भाजू शकते. मग मीठ, मिरपूड घालून एक उकळी द्यावी. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळावे. त्यातले 'क' जीवनसत्त्व डाळीतले लोह शोषून घ्यायला मदत करते.

बिया फेकू नयेत. धुऊन, वाळवून, भाजून खाव्यात. त्यांत प्रथिने आणि जस्त असते.

काळजी : मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी मीठ पुरे. रक्तदाब असणाऱ्यांनी वरून मीठ घेऊ नये. मधुमेह असेल तर सुपात साखर किंवा कॉर्नफ्लोअर घालू नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारावे. सहा महिन्यांवरील बाळासाठी मीठ-मिरे घालण्याआधीच वाटीभर घट्ट भाग बाजूला काढावा.

सूप हे जेवणाच्या जागी नाही, जेवणासोबत आहे. त्यात भाकरी कुस्करून दिली तर दात नसलेल्या आजीलाही पोटभर खाता येते.

गरम सुपाने चोंदलेले नाक मोकळे होते, घसा शेकतो. पण ते औषध नव्हे. धाप लागत असेल किंवा ताप उतरत नसेल तर दवाखाना गाठावा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. 'थंडीचा खोकला आहे, जाईल' म्हणून घरातल्या कोणाचेही दुखणे अंगावर काढू नये, ही आमची कळकळीची विनंती.