आवाज फुटलेल्या मुलालाही जागा हवी

नाहूरला फास्ट लोकल थांबत नाही. ती धडधडत निघून जाते आणि रुळांलगतच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी गाणारी मुलं त्याच क्षणी आवाज चढवतात. कुणी सांगावं लागत नाही. भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस नकळत मोठ्यानं बोलू लागतो, हे फ्रेंच डॉक्टर एतियेन लोंबार्ड यांनी १९११ मध्ये मांडलं. गाडी निघून जाते. समूहगानात मात्र शेजारी उभा असलेला मुलगाच दुसऱ्याचा गोंगाट होतो. एकानं चढवलं की दुसरा चढवतो आणि दोन ओळींत गाण्याची आरोळी होते. म्हणून माझा पहिला नियम असा की शेजारचा ऐकू येत नसेल, तर आपला आवाज जास्त झालाय.

एकत्र गाणं आपल्याला नवं नाही. दिंडीतले टाळकरी, पोवाड्यातले झीलकरी, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट आणि लीलाधर हेगडे यांच्यासोबत गाणारी तरुण मंडळी, ही आपलीच परंपरा. पण हे गाणं बहुतेक एकसुरी. एकाच वेळी वेगवेगळे सूर धरणारे गट मुंबईत वेगळ्या वाटेनं आले. व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये आपला गायकवृंद उभा केला, त्यांच्यानंतर कूमी वाडिया यांनी तो अनेक वर्षं सांभाळला. सलील चौधरींनी बॉम्बे यूथ कॉयरमधून भारतीय गाणी अशा रचनेत बसवली.

मुलांना हे शिकवायला मी भूप राग घेते. एका गटानं सा रे ग प ध सां असं चढत जायचं, दुसऱ्यानं तेच दोन मात्रा मागून सुरू करायचं. पहिला गट गंधारावर असताना दुसरा षड्जावर असतो, पहिला पंचमावर तर दुसरा ऋषभावर. भूपात म आणि नी नसल्यामुळे हे सूर एकमेकांना टोचत नाहीत. मुलांना ते लगेच कळतं, चेहरेच बदलतात. त्या वेळी पेटी मी मुद्दाम बंद ठेवते, तानपुरा तेवढा चालू. पेटी वाजत असली की मुलं पेटी ऐकतात, एकमेकांना ऐकत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला फार लागते. बारा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागला की त्याला सांगितलं जातं, 'तू नुसते ओठ हलव.' कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हे ऐकलेला मुलगा पुढे पुष्कळदा गातच नाही. या वयात स्वरयंत्र भराभर वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही थोडा उतरतो, पण तो चटकन जाणवत नाही. मुलींच्या काळी चार पट्टीत या मुलाला वरचे सूर लागत नाहीत आणि खर्जासाठी गळा अजून तयार नसतो. अमेरिकी संगीतशिक्षक जॉन कुकसी यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की आवाज बदलतानाही मुलगा गाऊ शकतो. त्याला झेपणारे सूर तेवढे कमी असतात. मग त्याच सुरांत त्याचा भाग लिहायचा. आमच्याकडे अशी मुलं सा आणि त्याखालचा प धरतात, बाकीचे वर गातात. आधार मिळाल्यावर मुलींचा सूरही कमी हलतो. ही मुलं मागच्या रांगेत लपत नाहीत, कारण त्यांच्यावाचून गाणं उभंच राहत नाही. गळा दुखला तर मात्र गाणं थांबवायचं, ताणायचं नाही.

२००९ मध्ये टीव्हीवरच्या 'लिटल चॅम्प्स' या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी घराघरात पाहिली गेली. तेव्हापासून पालक विचारतात, 'ताई, हिला सोलो कधी देणार?' सोलो जरूर द्यावा. पण दुसऱ्याचा सूर ऐकून आपला सूर धरणं हेही गाणंच आहे, आणि ते एकट्यानं शिकता येत नाही.

तुमच्या मुलाचा आवाज सध्या घोगरा झाला असेल, तर 'आवाज स्थिरावला की पाठवू' म्हणून त्याला घरी ठेवू नका. याच वर्षी पाठवा.