कॅमेरा कुठला, हे विचारू नका

लग्न ठरलं की मुलीचे वडील किंवा मामा स्टुडिओत येतात आणि पहिला प्रश्न टाकतात, "दादा, कॅमेरा कुठला वापरता?" मी साताऱ्यात लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. पण आजकाल बाजारातला कुठलाही बरा कॅमेरा लग्नाला पुरतो. विचारायचं ते वेगळंच.

आधी म्हणा, "एका लग्नाचे सगळे फोटो दाखवा." इन्स्टाग्रामवरचे निवडक फोटो सगळ्यांचेच देखणे असतात. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सलग पाहिलं की हात कळतो. मांडवाच्या गुलाबी कापडातून ऊन झिरपलं की सगळं वऱ्हाड गुलाबी दिसतं. ते रंग सावरलेत का बघा. रात्रीच्या वरातीत चेहरे दिसतात की नुसते दिवे, तेही बघा.

मग विचारा, "तुम्ही स्वतः येणार ना?" दाट तिथीला एकाच मुहूर्तावर दोन-तीन लग्नं असतात. बोलणी मालक करतो आणि मांडवात भलतीच पोरं उगवतात. कॅमेऱ्याबद्दल विचारायचंच असेल, तर फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर साठतात का, एवढं विचारा. कार्ड बिघडलं म्हणून सप्तपदी पुन्हा घालत नाहीत.

ठरलेलं सगळं कागदावर घ्या: माणसं किती, तास किती, अल्बमची पानं किती, फोटो कधी मिळणार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून सही करण्याआधी उलट अर्थाची ओळ घुसलेली नाही ना, ते वाचा. तुमचे फोटो जाहिरातीला वापरायचे की नाही, हेही तिथेच लिहून टाका. ड्रोन हवा असेल तर तो नोंदवलेला आहे का विचारा. २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला २०२१ च्या नियमांनी नोंदणी लागतेच.

आता पोर्ट्रेट. आमच्याकडे खरी टंचाई असते ती वेळेची. अक्षता पडल्या की स्टेजवर आहेराची रांग लागते, ती संपेपर्यंत नवरा-नवरीचे चेहरे उतरलेले असतात. वर दुपारचा मुहूर्त असेल तर लॉनवर डोक्यावरचं ऊन, डोळ्यांखाली काळ्या सावल्या. बाहेरून आलेली पद्धत म्हणजे दोघांचे एकत्र फोटो लग्नाआधीच उरकायचे. आपल्याकडे अंतरपाटाआधी दोघांनी एकमेकांना बघायचं नाही, असं मानणारी आजी घरात असतेच. तिचं मन मोडू नका. लग्नाआधी दोघांचे वेगवेगळे फोटो घ्या, जोडीचे लग्नानंतर शालू बदलल्यावर. लग्नाआधीच्या फोटोंसाठी मेकअप मुहूर्ताच्या तासभर आधी संपायला हवा, हे मेकअपवाल्या ताईंना आधीच बजावून ठेवा.

मेंदी आदल्या रात्री घाईत काढू नका, एक-दोन दिवस आधी काढा. रंग चढायला वेळ लागतो. नवरी समोर आली की मी तिला किंचित उजवीकडे मान वळवायला सांगतो. नथ डाव्या नाकपुडीत असते, ती बाजू कॅमेऱ्याकडे यायला हवी. मुंडावळ्यांच्या लडी डोळ्यांवर येतात, त्या गालांच्या मागे सरकवतो. चष्मा असेल तर काड्या कानावर जराशा उचलतो, म्हणजे काचेत दिवा चमकत नाही. मग म्हणतो, श्वास सोडा. श्वास रोखून हसणारा माणूस फोटोत पासपोर्टवरचा दिसतो. नवरदेवांना हातांचं काय करायचं ते कळत नाही; त्यांना उपरणं सावरायला सांगावं.

अंतरपाटाचा क्षण मात्र कुणाला थांबवता येत नाही. शेवटचं मंगलाष्टक संपतं, वाजंत्री सुरू होते, अक्षतांचा मारा होतो आणि मागची मंडळी मोबाईल उंचावून पुढे झुकतात. दोघं एकमेकांना पहिल्यांदा बघतात ते जेमतेम दोन सेकंद. मी गुरुजींना आधीच विनंती करतो, की अंतरपाट झटकन खाली न टाकता एका बाजूला ओढा. दोन्हीकडच्या मामांना सांगतो, मध्ये येऊ नका. माझा एक माणूस नवरीच्या चेहऱ्यावर, दुसरा नवऱ्याच्या. एकट्याला दोन्ही चेहरे मिळतच नाहीत.

नातेवाइकांच्या फोटोंची यादी करा आणि ती मोठ्या आवाजाच्या एका भाच्याच्या हातात द्या. धाकट्या आत्याचा फोटो राहिला, तर ते आम्हाला नाही, तुम्हाला वर्षानुवर्षं ऐकावं लागतं.

घासाघीस सगळेच करतात, करावीही. पण कशावर करायची ते बघा. ड्रोन काढून टाका, अल्बमची दहा पानं कमी करा, आमच्या कमाईला फार धक्का लागत नाही. "दुसरा फोटोग्राफर नको, एकातच भागवा," असं मात्र म्हणू नका. वाचलेल्या पैशांत तुमच्या लेकीचा किंवा जावयाचा, कुणातरी एकाचा त्या घडीचा चेहरा गेलेला असतो.