मातीचे कबूतर आणि मैदानावरील थट्टा

शिकार आणि शिकारीच्या गप्पा यांचे नाते फार जुने आहे. जे जनावर मिळाले त्याची हकिगत थोडक्यात आटोपते, जे हाती लागले नाही त्याची मात्र संपता संपत नाही, हा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे. छऱ्याच्या बंदुकीने उडत्या तबकड्या फोडण्याचा जो खेळ आज ऑलिम्पिकमध्ये खेळला जातो, तो शिकारीतूनच निघाला. शिकार मागे पडली, पण गप्पा त्याने आपल्याबरोबर आणल्या. या मैदानांवर नेमबाजांमध्ये जी थट्टामस्करी चालते ती वरवर पाहणाऱ्याला रिकामपणाचा उद्योग वाटेल. परंतु थोडे बारकाईने पाहिल्यास तिच्यामागे खेळाची रचना, त्याचा इतिहास आणि त्याची नीती ही तिन्ही उभी असलेली दिसतात.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. ज्या लक्ष्याला ‘मातीचे कबूतर’ म्हणतात त्यात आज मातीही नसते आणि कबूतरही नसते. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा चिकट पदार्थ यांच्या मिश्रणाची ती एक ठिसूळ, बशीसारखी तबकडी असते. तिचा व्यास सुमारे ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम. ‘ट्रॅप’ या प्रकारात नेमबाजाच्या पुढे १५ मीटरांवर एक खंदक असतो आणि त्यात यंत्रे बसविलेली असतात. नेमबाजाने हाक दिली की त्यांपैकी एका यंत्रातून तबकडी बाहेर पडते आणि ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने दूर जाऊ लागते. ती डावीकडे जाईल, उजवीकडे की सरळ, हे त्याला आधी ठाऊक नसते. ‘स्कीट’ या प्रकारात तबकड्यांची दिशा ठरलेली असते, पण त्या दोन बाजूंच्या दोन घरांतून सुटून नेमबाजासमोरून आडव्या जातात. बंदूक कमरेपाशी धरून उभे राहायचे आणि तबकडी दिसल्यावरच ती खांद्याला लावायची, असा तेथील नियम आहे.

काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम वजनाचे बारीक छर्रे भरता येतात. हे छर्रे नळीतून सुटल्यावर पसरत जातात. त्यामुळे छऱ्याच्या बंदुकीने नेम धरणे सोपे असावे, असा नवख्या प्रेक्षकाचा समज होतो. वस्तुतः छऱ्यांना तबकडीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो आणि तेवढ्यात तबकडी पुढे सरकलेली असते. वीस मीटरांवरून आडव्या जाणाऱ्या तबकडीसाठी एक मीटरहून अधिक पुढे नेम धरावा लागतो. म्हणजे जी वस्तू दिसते तिच्यावर बंदूक रोखायची नाही, तर ती जेथे असणार आहे त्या रिकाम्या जागेवर रोखायची. शिवाय बंदूक फिरती ठेवूनच चाप ओढावा लागतो. चाप ओढताना हात क्षणभर थबकला की छर्रे मागून निघून जातात. नेमबाजांच्या थट्टेतील निम्मे विनोद या एका थबकण्याभोवती फिरतात.

थट्टेला वाव मिळतो तो खेळाच्या रचनेमुळे. ट्रॅपमध्ये सहा नेमबाजांची एक तुकडी असते आणि उभे राहण्याच्या जागा पाच. प्रत्येकाने एका तबकडीवर नेम धरायचा, मग उजवीकडच्या जागेवर सरकायचे, आणि सहाव्याने मागे थांबून पहिल्या जागेची वाट पाहायची. पंचवीस तबकड्यांची एक फेरी अशी फिरत राहते. प्रत्येकाचे यश आणि अपयश उरलेल्या पाचांच्या डोळ्यांसमोर घडते. रायफलच्या नेमबाजाचा एखादा दशांश गुण कमी झाला तर तो प्रेक्षकाला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. येथे तबकडी एक तर आकाशात फुटते, नाही तर अखंड जाऊन गवतात पडते. झाकण्यास जागा नसते. ज्या खेळात हुकणे इतके उघडे असते तेथे खेळाडूला हसणे शिकावे लागते, आणि हे शिक्षण सोबत्यांकडूनच मिळते.

अर्थात हुकलेल्या नेमबाजाच्या तोंडी सबबी तयार असतात. वारा उलटा होता, ऊन डोळ्यांवर आले, काडतुसे जुनी होती, चष्म्याची काच पिवळी हवी होती ती तांबडी निघाली. नाचता येईना अंगण वाकडे, ही आपली म्हण या मैदानाइतकी दुसरीकडे क्वचितच सार्थ ठरत असेल. सर्वांत आवडती सबब अशी की, ‘मलाच अवघड तबकड्या आल्या.’ पण ती टिकत नाही. ऑलिम्पिक ट्रॅपच्या एका फेरीत प्रत्येकाला डावीकडच्या दहा, उजवीकडच्या दहा आणि सरळ जाणाऱ्या पाच तबकड्या मिळतील, अशी यंत्रांची योजना केलेली असते. क्रम निराळा असतो, वाटणी मात्र समान. म्हणून ही सबब सांगणाऱ्याला सोबती गंभीर चेहऱ्याने विचारतात, ‘तुझी यंत्रे घरून आणली होतीस काय?’

वादाचे आणखी एक ठिकाण म्हणजे धूळ. तबकडीचा निदान एक तुकडा निखळलेला डोळ्यांना दिसला तरच ती फुटली असे धरतात. नुसती धूळ उडाली आणि तबकडी तशीच पुढे गेली, तर पंच ती हुकली असे जाहीर करतात. छर्रा लागला हे सर्वांना कळते, आणि तरीही गुण मिळत नाही. अशा वेळी, ‘तबकडी स्वच्छ केल्याबद्दल आभार,’ असे कोणी तरी म्हणतोच. या वाक्यात टोचणी आहे तशी सहानुभूतीही आहे, कारण बोलणाऱ्याच्या वाट्याला ती धूळ केव्हा तरी आलेली असते.

तथापि या थट्टेला एक कडक मर्यादा आहे. जो नेमबाज आपल्या जागेवर उभा राहून काडतूस भरतो आहे त्याच्याशी कोणी बोलत नाही. तबकडी सुटण्यासाठी त्याने द्यावयाची हाक हाच त्या वेळी मैदानावरचा एकमेव मानवी आवाज असतो. आज तर अनेक मैदानांवर ध्वनिक्षेपक तो आवाज पकडून यंत्र सोडतात, त्यामुळे मध्येच कोणी बोलले तर तबकडी अवेळी सुटण्याचा धोका असतो. उलट, जागेवरून बाहेर येताना बंदूक बिजागरीत मोडून उघडी आणि रिकामी ठेवावी लागते. नळ्यांतून आरपार दिसते आहे, हे इतरांना दुरून कळावे, हा त्यातील हेतू. एका वाक्यात सांगायचे तर बंदूक उघडी असेल तेव्हाच तोंड उघडायचे. हत्याराचा खेळ आणि हास्यविनोद एकत्र नांदू शकतात ते या शिस्तीमुळे. जेथे ही शिस्त सैल होते तेथे थट्टेला धोक्यापासून वेगळे करता येत नाही.

आता इतिहासाकडे वळू. पूर्वी या खेळात खरी कबुतरे असत. पेटीत बंद केलेल्या पक्ष्याच्या झाकणाची दोरी ओढली की तो उडे. ‘पुल’, म्हणजे ‘ओढ’, ही नेमबाजांची हाक तेथूनच आली. १९०० सालच्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली आणि शेकडो पक्षी मारले गेले. त्याआधीच अमेरिकेत पिसे भरलेले काचेचे गोळे वापरून पाहण्यात आले होते. १८८० च्या सुमारास सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगाउस्की यांनी मातीची तबकडी तयार केली आणि पक्ष्याची जागा तिने घेतली. इंग्लंडमध्ये १९२१ च्या कायद्याने पिंजऱ्यातून सोडलेल्या पक्ष्यांवर गोळी झाडण्यास बंदी झाली. पक्षी गेले, भाषा राहिली. आजही सदोष किंवा अवेळी सुटलेल्या तबकडीला इंग्रजीत ‘पक्षी नाही’ असेच म्हणतात. स्कीटचा जन्म तर शेजाऱ्यामुळे बदलला. १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील चार्ल्स डेव्हिस आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्तुळाभोवती फिरत नेम धरण्याचा सराव सुरू केला होता. शेजारी कोंबड्यांचे खुराडे आले आणि छर्रे तिकडे जाऊ लागले, म्हणून वर्तुळाचे अर्धवर्तुळ झाले. ऑलिम्पिक स्कीटचे मैदान आजही अर्धवर्तुळाकारच आहे.

भारतात या बदलाचे मोल किती मोठे आहे हे समजून घ्यायचे तर छत्तीसगडइतका योग्य प्रदेश सापडणार नाही. आज छत्तीसगडच्या उत्तरेस असलेल्या त्या वेळच्या कोरिया संस्थानात १९४७ साली तेथील राजाने तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्याची ती शेवटची खात्रीची नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. शेजारच्या सरगुजा संस्थानच्या महाराजांच्या नावावर हजाराहून अधिक वाघांची शिकार सांगितली जाते. याच प्रदेशात सोव्हिएत सहकार्याने १९५५ च्या करारानंतर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच वर्षी भिलाईत भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून ‘मैत्रीबाग’ हे प्राणिसंग्रहालय सुरू झाले, आणि पुढे ते पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध झाले. एका पिढीने ज्यांच्यावर बंदूक रोखली त्यांना पाहण्यासाठी पुढची पिढी सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह जाऊ लागली. ज्याला बंदुकीचा नाद सोडवत नव्हता त्याच्यासाठी मातीची तबकडी ही केवळ करमणूक उरली नाही. तो एक निरपराध मार्ग झाला.

हा मार्ग आपल्याकडे रूढ करण्यात बिकानेरचे डॉ. करणीसिंह यांचा वाटा मोठा आहे. १९६२ मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत ते ट्रॅपमध्ये पहिल्या स्थानासाठी बरोबरीत आले आणि जादा फेरीनंतर रौप्यपदकाचे मानकरी ठरले. १९६० ते १९८० या काळात ते पाच ऑलिम्पिक स्पर्धांत उतरले. दिल्लीतील तुघलकाबादच्या मैदानाला त्यांचेच नाव आहे. १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत रणधीरसिंह यांनी ट्रॅपचे सुवर्णपदक मिळविले. पुढे हा खेळ राजवाड्यांच्या बाहेर आला. सैन्यातील अधिकारी राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक जिंकले, आणि २००६ मध्ये मानवजितसिंह संधू ट्रॅपचे जगज्जेते झाले. तरीही शस्त्रपरवाना, बंदूक आणि काडतुसे यांचा खर्च पाहता सामान्य घरातील मुलाला हे मैदान अजून दूरच आहे. जुन्या सभासदाने नव्याच्या उसन्या बंदुकीची थट्टा केली, तर ती थट्टा राहत नाही. ती दार लावून घेणे ठरते.

हीच कसोटी स्त्रियांच्या बाबतीतही लागते. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिम्पिकमध्ये स्कीट स्त्री-पुरुषांसाठी एकत्र होती. चीनच्या चांग शान यांनी अंतिम फेरीपूर्वीच्या दोनशेपैकी दोनशे तबकड्या फोडल्या आणि पुरुषांना मागे टाकून सुवर्णपदक मिळविले. पदक देताना दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या पुरुष नेमबाजांनी त्यांना उचलून धरले. त्यानंतरच्या १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये मात्र स्कीट केवळ पुरुषांसाठी राहिली. स्त्रियांना स्वतंत्र स्कीट मिळाली ती २००० मध्ये. सोबत्यांनी मनाचा जो मोठेपणा दाखविला तो नियमांना दाखविता आला नाही, असेच म्हणावे लागते.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मिश्र स्कीटच्या कांस्यपदकासाठी महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरूका यांची गाठ चीनशी पडली, आणि भारत ४३ विरुद्ध ४४ असा एका तबकडीने मागे राहिला. १०५ ग्रॅमची एक तबकडी पदक देते आणि हिरावूनही घेते. एवढा भार एकट्याने वाहणे कठीण असते. म्हणून ज्याची तबकडी अखंड गेली तो बंदूक मोडून मागे येतो तेव्हा सोबती त्याचे सांत्वन करीत नाहीत, त्याला उपदेशही करीत नाहीत. ते त्याची थोडी चेष्टा करतात. हुकणे हे या खेळात सर्वांच्या वाट्याला येते आणि पुढची पाळी लगेच येणार आहे, एवढेच त्यांना सांगायचे असते. ते ऐकून जो स्वतःवर हसू शकतो त्याचा हात पुढच्या तबकडीवर मोकळा फिरतो.