दगडफुलाचा रंग
गोड्या मसाल्यातील दगडफूल हे वस्तुतः फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून घडलेला तो जीव आहे. त्याच्या काही भाऊबंदांपासून रेशीम व लोकर रंगविता येते. नुसते उकळल्यास पिवळा वा तपकिरी रंग मिळतो. काही जाती अमोनियात आठवडेच्या आठवडे मुरविल्यास जांभळा रंग देतात. भंडारा जिल्ह्यातील आंधळगावच्या प्रसिद्ध कोसा रेशमावरही असे रंग चढू शकतील. मात्र दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. एकदा खरवडून नेले की ते पुन्हा वाढायला अनेक वर्षे लागतात. पिवळ्या-केशरी रंगाचा पळस मात्र दर फाल्गुनात फुलतो. म्हणूनच रंगाऱ्याने पळसफुले वेचावीत. दगडफूल घ्यायचेच, तर गळून पडलेल्या फांद्यांवरचे घ्यावे.