खिडकीची एक पट्टी

पावसाळा सरता सरता जुन्या घरांतील खिडक्या कुरकुरू लागतात. झडप फुगून चौकटीत अडकते, लांबी गळून तावदान खुळखुळते आणि रंगाखालचे लाकूड बोटाने दाबताच आत जाते. अशा वेळी सबंध खिडकी काढून अॅल्युमिनियमची बसवावी, हा सल्ला सर्रास मिळतो. तो सोयीचा असतो. योग्य असतोच असे नाही. झडपेचे दुखणे बहुधा खालच्या आडव्या पट्टीत असते. तावदानावरून ओघळलेले पाणी तिच्या खाचेत साठते, सांध्यात मुरते. आणि ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी लाकूड कुजवू लागते. उरलेल्या तीन पट्ट्या, विशेषतः जुन्या सागाच्या असल्यास, बहुधा धडधाकट असतात.

तरीही एका पट्टीसाठी सुतार मिळत नसे. हातरंध्याने ती सपाट करायची, पटाशीने कुसू घडवायचा, यात त्याचा दिवस मोडे आणि तेवढी मजुरी देणे घरमालकाच्या जिवावर येई. बहुउपयोगी यंत्राने हे गणित बदलले. एकाच लोखंडी बैठकीवर रंधा, गोल करवत आणि भोक पाडण्याची सोय; साऱ्यांना मिळून एक मोटार. लहानशा गाळ्यातही ते मावते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत, हात आणि अवजारे यांवर चालणाऱ्या १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये सुतारकामाचा समावेश करण्यात आला. अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने, तारणाविना, पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. यंत्राचा विचार करणाऱ्या कारागिराने शाखेत चौकशी करणे इष्ट.

यंत्र घेतले म्हणजे काम सोपे झाले, असे मात्र नव्हे. नवी पट्टी शक्यतो त्याच जातीच्या, वाळलेल्या लाकडाची हवी. पाडलेल्या घराचा जुना साग त्यासाठी उत्तम. पण त्यात दडलेला एखादा खिळा रंध्याची पाती क्षणात बोथट करतो. म्हणून आधी खिळे शोधून उपटावेत. प्रथम एक बाजू सपाट, मग तिला काटकोनात दुसरी, त्यानंतर करवतीवर रुंदी, शेवटी काचेची खाच आणि कुसू, हा क्रम चुकला की पट्टी पिळलेली निघते. जोडणी झाल्यावर झडपेचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान भरले तरच सरस वाळू द्यावा.

आणि धोका? तो खराच आहे. वीतभर तुकडा रंध्यावर धरण्याच्या घाईत बोटे गेल्याची उदाहरणे या व्यवसायात नवी नाहीत. तुकडा लांब असतानाच रंधावा, मगच कापावा; पुढे सारण्यास लाकडी दांडी वापरावी; हातमोजे तर मुळीच घालू नयेत, कारण फिरती पाती मोज्यासकट हात ओढतात. करवतीवरचे संरक्षक आवरण अडचण वाटते म्हणून काढून ठेवण्याची सवय तर अक्षम्यच.

जुन्या रंगाबाबतही सावध राहावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असू शकते आणि कोरड्या रंध्याने ते धूळ होऊन मुलांच्या खेळण्याच्या जागी पसरते. तो रंग ओला करून हातानेच खरवडावा व कचरा कागदात गुंडाळावा.

झडप पुन्हा टांगण्यापूर्वी, नव्या पट्टीच्या खालच्या अंगाला बाहेरच्या कडेजवळ करवतीने एक बारीक खाच घ्यावी. पाणी तिथे तुटून खाली ठिबकते, आत सरकत नाही. ही खाच आणि पट्टीची खालची कड रंगवायला रंगारी हमखास विसरतो. घरमालकाने तेवढे स्वतः वाकून पाहावे.